चाळीस टक्क्यांचा उंबरठा आणि नव्या पुराव्याचा हक्क

अपंगत्वाच्या दाखल्यावर ३५ टक्के लिहिले गेले की माणूस रिकाम्या हाताने घरी परततो. त्याच दाखल्यावर ४० लिहिले गेले असते तर तो योजनेत बसला असता. या पाच टक्क्यांत एका घराचा महिन्याचा किराणा, लेकराची शाळा आणि दवाखान्याचे एसटीभाडे अडकलेले असते. आणि हे पाच टक्के ठरतात कुठे? तर जिल्हा रुग्णालयातील एका खोलीत, बाहेर लांबच लांब रांग असताना, अवघ्या काही मिनिटांत. हा निर्णय अंतिम नसतो, त्याला आव्हान देता येते, हे आपल्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. आव्हान द्यायचे तर सोबत नवा वैद्यकीय पुरावा लागतो, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. कायद्याने दिलेला हक्क अज्ञानापायी बुडतो, तो असा.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. ४० टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्वाला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असे नाव मिळाले. शिक्षणातील राखीव जागा, नोकरीतील आरक्षण, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, यांची दारे साधारणपणे याच आकड्यापाशी उघडतात किंवा बंद होतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये केले. म्हणजे ३९ आणि ४० यांच्यातला फरक आज वर्षाला ३०,००० रुपयांचा आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्क्यांची अट आणि वर दारिद्र्यरेषेची अट आहे. तिथे ७९ टक्के अपंग असलेला माणूस सरकारच्या लेखी पुरेसा अपंग नाही!

याच कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने एकतर प्रमाणपत्र द्यायचे, किंवा अपंगत्व नाही असे अर्जदाराला लेखी कळवायचे. तोंडी ‘बसत नाही, जा’ म्हणून हाकलण्याची सोय कायद्यात नाही. २०१७ च्या नियमांनी नकारासाठी जो नमुना ठरवून दिला, त्यात नकाराची कारणे लिहायला जागा ठेवली आणि फेरविचारासाठी कोणाकडे जायचे तेही लिहायला सांगितले. कलम ५९ ने या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क दिला आणि अपील ऐकणारा अधिकारी नेमण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. कागदावर सगळे आहे. पण अपिलाची वाट दाखवणारा फलक आपल्यापैकी किती जणांनी रुग्णालयाच्या भिंतीवर पाहिला आहे? २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी विकलांगांना ‘दिव्यांग’ म्हणा असे सांगितले. त्यानंतर खात्यांची नावे बदलली, पाट्या बदलल्या. रांग मात्र तीच राहिली.

हा प्रश्न आपला आहे का, असे कोणी विचारील. त्याने २०११ ची जनगणना उघडून पाहावी. महाराष्ट्रात त्या वेळी २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशाच्या एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के निघाले. दगडखाणीत कोण उतरतो? गटारात कोण उतरतो? इमारतीच्या पराती-पाट्या कोण वाहतो? बाळंतपणाआधी पोटभर न जेवलेली आई कोणाच्या वस्तीत असते? ज्या समाजाच्या वाट्याला शरीर झिजवणारी कामे आली, त्या समाजात अपंगत्व जास्त असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

त्यातही एक आजार असा आहे की तो आपल्या दारात वर्षानुवर्षे बसलेला आहे. तो म्हणजे सिकलसेल. विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत हा आजार घरोघर ठाऊक आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फोडून काढावीत अशा वेदना सुरू होतात. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांना पहिल्यांदा अपंगत्वाच्या यादीत घेतले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. आदिवासी भागांतील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. चांगली गोष्ट आहे. पण जो आज आजारी आहे त्याने २०४७ पर्यंत काय खावे? त्याला आज दाखला हवा आहे. आणि दाखल्याच्या टेबलावर सिकलसेलचा रुग्ण सर्वांत जास्त मार खातो. कारण त्याचे हातपाय शाबूत दिसतात. तो चालत आत येतो. ‘तुला काय झाले?’ हा प्रश्न त्याला दोनदा ऐकावा लागतो, एकदा मालकाकडून आणि एकदा बोर्डाकडून.

एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळकडचा चोवीस वर्षांचा तरुण आहे. हमाली करतो. वर्षातून चार-पाच वेळा वेदनेचा झटका येतो, दवाखान्यात भरती व्हावे लागते, रक्त चढवावे लागते. अलीकडे उजवा खुबा दुखतो, मांडी घालून बसता येत नाही. बोर्डापुढे जाताना त्याच्याजवळ दोनच कागद आहेत. एक शाळेतल्या शिबिरात झालेल्या सोल्युबिलिटी चाचणीची चिठ्ठी आणि दुसरा खुब्याचा एक्स-रे. सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ प्राथमिक तपासणी आहे. माणूस नुसता वाहक आहे की खरा रुग्ण, हे त्या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागते, तेव्हा सुरुवातीच्या काळात एक्स-रे साफ दिसू शकतो. ते बिघडलेले हाड एमआरआयमध्ये दिसते. बोर्डाने एक्स-रे पाहिला, ठीक दिसला, आणि रक्ताच्या आजाराचे ३० टक्के लिहून मोकळे झाले. इथे डॉक्टरच्या मनात जात आली असेलच असे नाही. त्यांच्यापुढे जेवढा पुरावा होता, तेवढ्यावर त्यांनी निर्णय दिला. पण जो पुरावा पुढे आलाच नाही, त्याची शिक्षा रुग्णाने जन्मभर का भोगावी?

आता हाच तरुण एमआरआय काढतो. खुब्याचा सांधा खराब झाल्याचे त्यात दिसते. अस्थिरोगतज्ज्ञ सांध्याची हालचाल मोजतो आणि समजा त्याचे २० टक्के अपंगत्व ठरते. एकाहून अधिक अपंगत्व असेल तर आकडे सरळ बेरजेने मिळवत नाहीत. त्यासाठी मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांत सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, ९० ने भागायचे आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. मोठा आकडा ३०. ९० मधून ३० गेले, ६० उरले. ६० गुणिले २० म्हणजे १२००. भागिले ९० म्हणजे १३.३३. एकूण झाले ४३.३३. तोच माणूस, तेच दुखणे, पण एक कागद वाढला आणि तो उंबरठ्याच्या आत आला. एवढेच नाही. कायद्याच्या कलम ३४ मधील नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांचा स्वतंत्र समावेश नाही. हालचालीच्या अपंगत्वाचा आहे. म्हणजे खुब्याचे अपंगत्व योग्य रकान्यात नोंदले जाणे पोटापाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

पण प्रत्यक्षात आपली माणसे अपील कशी करतात? ‘मी अत्यंत गरीब आहे, घरात कमावणारे कोणी नाही, तरी साहेबांनी टक्केवारी वाढवून द्यावी.’ असा अर्ज म्हणजे भीक मागणे झाले. गरिबीने टक्केवारी वाढत नाही. अपील अधिकाऱ्यापुढे पुन्हा तेच जुने कागद टाकले की तोही तेच उत्तर देतो. मग आपण म्हणतो, सगळे एकाला एक मिळालेले आहेत. काही ठिकाणी तसे असेलही. पण अपील जिंकायचे तर पहिल्या निर्णयात कशाची उणीव होती ते नेमके शोधले पाहिजे आणि ती उणीव भरून काढणारा कागद पुढे केला पाहिजे. म्हणून सगळ्यात आधी निर्णयाची लेखी प्रत आणि त्यामागची कारणे मागा. कारणच माहीत नसेल तर उत्तर कशाला देणार? त्याच खिडकीवर अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही लेखी विचारा. मुदत टळली तर चांगला पुरावाही बाहेरच राहतो.

नवा पुरावा तीन प्रकारचा असतो. तिन्हींची वाट एक नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. पहिला प्रकार म्हणजे पुरावा आधीपासून होता, पण बोर्डापुढे ठेवला गेला नाही. जुन्या भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी, शस्त्रक्रियेचा कागद, हे सारे यात येते. दुसरा प्रकार म्हणजे दुखणे तेव्हाही होते, पण ते दाखवणारी तपासणी नंतर झाली. वरच्या उदाहरणातला एमआरआय हा त्यातला. हे दोन्ही पुरावे पहिला निर्णय चुकला होता असे दाखवतात, म्हणून त्यांची जागा अपिलात आहे. तिसरा प्रकार म्हणजे निर्णय झाला तेव्हा प्रकृती बरी होती, पण त्यानंतर ती खालावली. तिथे पहिला निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. तिथे नव्याने तपासणीची मागणी करायची असते. पुष्कळ लोक तिसऱ्या प्रकारचा कागद घेऊन अपिलात जातात आणि ‘हे तर नंतरचे आहे’ या एका वाक्यावर परत येतात. म्हणून तपासणी नंतरची असली तरी दुखणे केव्हापासूनचे आहे, हे डॉक्टरकडून लिहून घेणे फार गरजेचे आहे. ‘सदर रुग्णास हा त्रास अमुक सालापासून असून आजचे निष्कर्ष त्याच्याशी सुसंगत आहेत’ एवढ्या एका ओळीवर अपील तगते किंवा पडते.

डॉक्टरचे पत्र म्हणजे नुसते आजाराचे नाव नव्हे. ‘सिकलसेलचा रुग्ण आहे, विश्रांतीची गरज’ अशा चिठ्ठीने बोर्डाला काहीच कळत नाही. पत्रात निदान कोणत्या तपासणीवरून झाले ते हवे. गेल्या एक-दोन वर्षांत किती वेळा भरती झाली, किती वेळा रक्त चढवले, कोणत्या अवयवावर परिणाम झाला ते तारखांसह हवे. रुग्ण किती वेळ उभा राहू शकतो, किती अंतर चालू शकतो, ओझे उचलू शकतो का, जिना चढू शकतो का, हे हवे. खाली सही, शिक्का आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. बहिरेपणा असेल तर नव्या श्रवणचाचणीचा आलेख, मनोविकार असेल तर उपचाराची सलग नोंद, लकवा असेल तर मेंदूच्या स्कॅनचा अहवाल, असे ज्याच्या त्याच्या दुखण्याप्रमाणे कागद बदलतील. पण तत्त्व एकच आहे. बोर्डाने जे पाहिले नाही ते दाखवा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सिकलसेलचा वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाला रुग्ण म्हणून उभे करू नका. त्याने खऱ्या रुग्णाची वाट बंद होते.

हे कागद मिळवायचे कुठून? रुग्णालय फाईल देत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. हा नियम खाजगी डॉक्टरलाही लागू आहे. सरकारी रुग्णालय दाद देत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही दहा रुपये माफ. वकील लागला तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जायला लाज कसली? ती आपल्या हक्काची जागा आहे.

नवा पुरावा स्वीकारणे हा अधिकाऱ्याचा मोठेपणा आहे, असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. हे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यात फार आधीपासून आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याच्या योजनेचे काम अदारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या कायद्यात वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर अपिलाची सोय होती. शिवाय कलम ५५ मध्ये असे म्हटले होते की, दुखापतीचे परिणाम अपेक्षेबाहेर आणि मोठ्या प्रमाणात बळावले असतील, तर वैद्यकीय मंडळ आपल्याच जुन्या मूल्यमापनाचा फेरविचार करू शकते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण त्यामागचा विचार जुना होत नाही. शरीर बदलते, तपासणी सुधारते, म्हणून टक्केवारी ही दगडावरची रेघ असू शकत नाही. गिरणीत हात गमावलेल्या कामगारासाठी जे तत्त्व मान्य झाले, ते खुबा गमावणाऱ्या हमालाला का लागू होऊ नये?

सर्वोच्च न्यायालयानेही हाच रस्ता दाखवला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचे प्रकरण न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. त्याच्या वाणीदोषाची टक्केवारी ४० च्या वर होती, म्हणून त्याला वैद्यकीय शिक्षणासाठी अपात्र ठरवले गेले होते. म्हणजे इथे आकडा कमी पडला नव्हता, जास्त झाला होता. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाकडून त्याची नव्याने तपासणी करवली. हा विद्यार्थी शिक्षण पूर्ण करू शकतो, असा अहवाल आला आणि त्याचा प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्केवारीवरून कोणाला बाद करता येणार नाही, मंडळाने आपल्या निष्कर्षाची कारणे दिली पाहिजेत, आणि अपिलाची यंत्रणा उभी राहीपर्यंत मंडळाच्या प्रतिकूल निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल. हा निकाल प्रवेशाचा होता, अनुदानाचा नव्हे. पण एका बोर्डाचे मत म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे आणि दुसऱ्या तपासणीने पहिल्या निर्णयाची दिशा बदलू शकते, हे त्यातून देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानेच मान्य केले.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बोगस प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला आहे, नवा पुरावा स्वीकारू लागलो तर जो तो खाजगी दवाखान्यातून कागद विकत आणील. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर पडताळणीचा जोर वाढला. बोगस दाखल्याला आमचा विरोध आहेच, कारण त्याने हिसकावलेली जागा खऱ्या अपंगाची असते. कायद्याच्या कलम ९१ मध्ये अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. ती खुशाल द्या. पण चोर सापडत नाही म्हणून रांगेतल्या सगळ्यांनाच चोर समजायचे, हा कोणता न्याय? खाजगी अहवालावर संशय असेल तर तीच तपासणी सरकारी रुग्णालयात पुन्हा करा. न पाहताच फाईल परत करणे म्हणजे पडताळणी नव्हे. आणि लक्षात घ्या, पैसेवाल्याकडे पहिल्या दिवशीच जाडजूड फाईल तयार असते. उशिरा पुरावा मिळतो तो गरिबालाच, कारण एमआरआयचे पैसे जमवायला त्याला सहा महिने लागतात. उशिरा आलेल्या पुराव्याला दार बंद करणे म्हणजे गरिबीलाच शिक्षा करणे होय.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक निर्णयासोबत कोणत्या बाबीला किती टक्के दिले, याचा लेखी तपशील मिळालाच पाहिजे. अपील अधिकाऱ्याचे पद, पत्ता आणि मुदत प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठीत लावली पाहिजे. ज्या डॉक्टरांनी पहिला निर्णय दिला त्यांनीच अपील ऐकू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या; पण एमआरआयसारखे यंत्र तालुक्याला नसते आणि त्यासाठी रुग्णाला खाजगी केंद्राची पायरी चढावी लागते. अपिलासाठी लागणारी तपासणी कुठेही करावी लागली तरी तिचा खर्च शासनाने उचलावा. सिकलसेलचे रुग्ण जास्त असलेल्या जिल्ह्यांत बोर्डावर रक्ताच्या आजारांची जाण असलेला डॉक्टर असलाच पाहिजे. प्रमाणपत्र देण्याची मुदत २०२४ च्या नियमबदलाने एका महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. मुदत वाढवून घेता, तर त्या वाढीव वेळात रुग्णाची नीट तपासणी तरी करा!

पण सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. आपण काय करणार आहोत? महाडचा संग्राम आपण दर वर्षी २० मार्चला आठवतो. तळ्यावर जाण्याचा दिवस १९२७ चा. पण त्याच तळ्यासाठी कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली, हे आपण किती वेळा सांगतो? सनातन्यांचा दावा होता की अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दावा तारखेमागून तारीख झेलत लढवला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात ती अनादि वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही आणि ते हरले. ओंजळीने पाणी प्यायला जे धैर्य लागले, तेवढीच चिकाटी दहा वर्षे कागद सांभाळायला लागली. त्या चिकाटीचा वारसा आपण सांगतो, मग आपल्या वस्तीतल्या आजारी पोराची फाईल का सांभाळत नाही?

दर रविवारी विहारात वंदनेला आपण जमतो. तिथे निवृत्त परिचारिका असते, बँकेत काम केलेला माणूस असतो, कायदा शिकणारा विद्यार्थी असतो. या तिघांनी महिन्यातून दोन तास दिले तरी वस्तीतल्या प्रत्येक अपंग व्यक्तीची एक फाईल तयार होऊ शकते. पहिली चिठ्ठी, प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक तपासणीचा अहवाल, तारखेच्या क्रमाने. मूळ कागद घरात, झेरॉक्स विहाराच्या कपाटात, आणि मोबाईलमध्ये फोटो. पावसात छप्पर गळाले, कागद भिजले, पुरावा गेला, असे पुन्हा होऊ नये. बोर्डाच्या दिवशी रुग्णासोबत एक शिकलेला माणूस जावा. त्याने डॉक्टरशी भांडू नये. शांतपणे विचारावे, साहेब, हा अहवाल आपण पाहिलात का, आणि नोंदीत लिहिलात का? निर्णय विरुद्ध गेला तर त्याच आठवड्यात कारणांची प्रत मागावी आणि अपिलाची तयारी सुरू करावी. जयंतीच्या वर्गणीतला थोडासा हिस्सा एखाद्या रुग्णाच्या एमआरआयला गेला, तर मिरवणुकीचा डीजे थोडा हळू वाजेल, एवढेच.

३५ टक्क्यांचा दाखला घेऊन परतलेला माणूस आपल्या गल्लीत आहे. त्याला सहानुभूती पुष्कळ मिळाली आहे. त्याला आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तुझ्याविरुद्धचा निर्णय अंतिम नाही, ही एक. आणि तुझ्या दुखण्याचा पुरावा गोळा करायला आम्ही सोबत येतो, ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्याने सांगून ठेवली आहे. दुसरी आपण सांगायची आहे. पुढच्या रविवारपासून सुरुवात करा.